तेलकट, मुरूम येणारी त्वचा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या: आधी काय थांबवायचे, मग काय घ्यायचे

प्रश्न थोडक्यात असा. वय २४, फोंड्याहून वेर्ण्याला रोज स्कूटरने कंपनीत जाणे-येणे. त्वचा तेलकट, सहा महिन्यांपासून कपाळावर आणि जबड्याच्या कडेने मुरूम. सध्या रोज एक मल्टिव्हिटॅमिन, केसांसाठी १० मिलिग्रॅम बायोटिनची गमी, 'अशक्तपणासाठी' १५०० मायक्रोग्रॅम मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी१२), आणि रात्री ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल फोडून चेहऱ्याला. मैत्रीण म्हणते, ए जीवनसत्त्व २५,००० युनिट घे, तेल आटेल. या सगळ्यात आणखी कोणते जीवनसत्त्व घालू?

कोणतेच नाही. आधी काढायला लागा. तुमच्या यादीतली एक गोळी स्वतःच मुरूम आणू शकते, एक रक्ततपासणीचे आकडे बिघडवते, एक छिद्रे बुजवते, आणि मैत्रिणीने सुचवलेली यकृतात साठत जाते. पोटातून घेण्यासारख्या, थोडाफार पुरावा असलेल्या गोष्टी दोनच आहेत: झिंक आणि निकोटिनामाइड (बी३). त्यातले झिंक तर जीवनसत्त्वही नव्हे, खनिज आहे.

तेल किती सुटायचे हे तेलग्रंथी ठरवतात आणि त्या चालतात अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारख्या) संप्रेरकांच्या तालावर. रक्तातले इन्सुलिन आणि त्याच्यासारखेच वाढीचे संप्रेरक आयजीएफ-१ वाढले की त्या आणखी जोर धरतात. त्यामुळे कुठल्यातरी जीवनसत्त्वाच्या कमतरतेने चेहरा तेलकट झाला, असे सहसा नसते आणि ते भरून काढल्याने तेल बंदही होत नाही. मुरूम होण्यासाठी मात्र तेलासोबत आणखी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: छिद्राच्या तोंडाशी चिकटून राहिलेल्या मृत पेशी, आत वाढणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू, आणि दाह. झिंक आणि निकोटिनामाइड यांचे काम प्रामुख्याने दाहावर आहे. म्हणून लाल, दुखऱ्या फोडांना त्यांचा उपयोग होतो, ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्सना जवळजवळ नाही. नाकाभोवती नुसते ब्लॅकहेड्स असतील तर गोळ्यांवर पैसे घालवूच नयेत.

आता थांबवायच्या गोष्टी. पहिला संशय बी१२ वर. शरीराची गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि गोळीत १५००. जास्त मात्रेच्या बी१२ ने काही लोकांना मुरमांसारखे फोड येतात, हे त्वचारोगतज्ज्ञांना कित्येक दशके माहीत आहे. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासाने त्यामागची एक वाट दाखवली: बी१२ भरपूर मिळाले की त्वचेवरच्या जिवाणूला ते स्वतः बनवण्याची गरज उरत नाही, तो त्याच कच्च्या मालातून पॉर्फिरिन जास्त बनवतो, आणि पॉर्फिरिनने दाह पेटतो. त्या अभ्यासात बी१२ दिलेल्या दहा निरोगी व्यक्तींपैकी एकीलाच मुरूम आले, म्हणजे हे सगळ्यांना होत नाही. ज्यांना होते त्यांची ओळख अशी: फोड एकाच आकाराचे, एकाच वेळी उठलेले, कपाळ-गाल-छाती-पाठीवर, ब्लॅकहेड्स फारसे नाहीत, आणि सुरुवात गोळ्या किंवा इंजेक्शने सुरू झाल्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत. तुमची गोळी आणि तुमचे मुरूम यांच्या तारखा जुळतात का, ते फार्मसीच्या जुन्या बिलावरून पाहा.

पण ही गोळी डोळे झाकून बंद करू नका. तुम्ही पूर्ण शिवराक (शाकाहारी) असाल, मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, हातापायांना मुंग्या येत असतील, तर आधी रक्तातले बी१२ तपासून घ्या आणि ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. कमतरता खरी असेल तर मुरूम सोसून ती भरावी लागते, मज्जातंतूंशी खेळ नको. पातळी चांगली असेल आणि केवळ 'ताकदीसाठी' घेत असाल तर गोळी थांबवा. बी१२ मुळे आलेले फोड साधारण काही आठवड्यांत ओसरतात. मल्टिव्हिटॅमिनच्या मागचे लेबलही वाचा. 'न्यूरो', 'फोर्ट', 'स्ट्रेस' अशा नावांच्या गोळ्यांत बी१२ आणि बी६ दोन्ही भरमसाट असतात, आणि एक थांबवून दुसरीतून तेच घेत राहणे नेहमीचे आहे. खाण्यातल्या बी१२ ला मात्र घाबरू नका. तारल्यांत, तिसऱ्यांत ते भरपूर असते, पण १५०० मायक्रोग्रॅम भरायला ताटात किलो-किलोने मासळी लागेल.

बायोटिन. गरज दिवसाला ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास, गमीत १० मिलिग्रॅम, म्हणजे अडीचशे पट. त्याने मुरूम येतात हे अनेकजण सांगतात, भक्कम पुरावा नाही. मी ती थांबवायला सांगतो ते दुसऱ्याच कारणासाठी. तुमचे मुरूम जबड्याच्या कडेने आहेत, म्हणजे आज ना उद्या कुणीतरी थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन तपासायला सांगणार. पुष्कळ प्रयोगशाळांच्या तपासणी-पद्धतीत बायोटिन मध्येच लुडबुड करते: थायरॉइडच्या तपासणीतले टीएसएच खोटे कमी दिसते, टी४ आणि टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त दिसू शकतात. नसलेला आजार कागदावर उगवतो आणि त्यावर उपचारही सुरू होतात. रक्त देण्याआधी किमान तीन दिवस बायोटिन बंद हवे, आणि 'केस-त्वचा-नखे' असे लिहिलेल्या प्रत्येक डब्यात ते असते असे धरून चाला. केसगळतीला खरे कारण पुष्कळदा लोह कमी असणे हे असते. त्याची तपासणी फेरिटिनची.

हिरवी कॅप्सूल चेहऱ्याला लावणे आजच बंद करा. ते दाट तेल आहे. कोरड्या, भेगाळलेल्या टाचेला चालेल, तेलकट चेहऱ्यावर रात्रभर ठेवल्यास छिद्रे बुजवते, आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी होऊन चेहरा लाल, खाजरा होतो. डागही त्याने जात नाहीत.

तुमच्या यादीत नसलेल्या पण बऱ्याचजणांच्या घरी असलेल्या दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. जिमची व्हे प्रोटीन पावडर मुरूम वाढवू शकते, विशेषतः तरुण मुलांच्या पाठीवर आणि खांद्यांवर. आणि समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्यांत आयोडिन इतके असते की त्याने वेगळ्याच प्रकारचे पूभरले फोड उठू शकतात.

ए जीवनसत्त्वाबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण हा सल्ला अर्धा खरा आहे आणि म्हणूनच धोक्याचा. तेलग्रंथी खरोखर आक्रसवणारे औषध ए जीवनसत्त्वाच्याच घराण्यातले आहे, आयसोट्रेटिनॉइन. ते यायच्या आधी साधे ए जीवनसत्त्व मुरमांवर वापरून पाहिले गेले होते, पण परिणाम दिसायला दिवसाला तीन लाख युनिटच्या घरात मात्रा लागत होती. २५,००० युनिटने तेल आटत नाही, मात्र प्रौढांसाठीची रोजची सुरक्षित कमाल १०,००० युनिट ओलांडली जाते. पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व जास्त झाले तर बरेचसे लघवीवाटे जाते. हे चरबीत विरघळणारे आहे, यकृतात साठत राहते. महिनोन्महिने घेतल्यावर ओठ फुटणे, केस गळणे, सांधे दुखणे, यकृताचे आकडे वाढणे, आणि डोक्यातला दाब वाढून सकाळची डोकेदुखी व अंधुक दिसणे इथपर्यंत मजल जाते. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, म्हणजे दिवस गेल्याचे कळण्याआधीच, जास्त मात्रा बाळात व्यंग निर्माण करू शकते. दिवस राहण्याची शक्यता असलेल्या कुणीही फार्मसीतून स्वतः आणून हे घेऊ नये. कॉड लिव्हर ऑइलमध्येही ए जीवनसत्त्व असते. साध्या फिश ऑइलमध्ये नसते, तेव्हा डब्यावर 'लिव्हर' शब्द आहे का ते पाहून घ्या.

आयसोट्रेटिनॉइन हा मात्र खरा उपचार आहे, तीव्र किंवा व्रण पाडणाऱ्या मुरमांसाठी. त्वचारोगतज्ज्ञ वजनावरून मात्रा ठरवतात, पूर्ण कोर्स साधारण किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम इतका बसतो, गोळी जेवणासोबत घ्यायची, यकृत आणि चरबीच्या तपासण्या मधूनमधून करायच्या, आणि स्त्रियांनी सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळायची. हे चालू असताना ए जीवनसत्त्वाची गोळी किंवा ते असलेले मल्टिव्हिटॅमिन नको, आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविकही सोबत नको, डोक्यातला दाब वाढतो. भावाच्या उरलेल्या स्ट्रिपमधली गोळी बहिणीने घेणे हा प्रकार घरोघरी चालतो. तो थांबलाच पाहिजे.

आता झिंक. २००१ मधल्या एका फ्रेंच चाचणीत ३३२ रुग्णांना तीन महिने एकतर ३० मिलिग्रॅम झिंक किंवा १०० मिलिग्रॅम मिनोसायक्लिन दिले गेले. ठरवलेल्या निकषावर सुधारलेले झिंकच्या गटात ३१ टक्के, मिनोसायक्लिनच्या गटात ६३ टक्के. म्हणजे झिंक अगदीच निरुपयोगी नाही, पण प्रतिजैविकाच्या निम्मेच. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना तर झिंक आणि निकोटिनामाइड दोन्हींबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नाही म्हणून थांबतात. माझे मत: सौम्य ते मध्यम लाल फोड असलेल्या, प्रतिजैविक नको म्हणणाऱ्या व्यक्तीने लावायच्या औषधाच्या जोडीला बारा आठवडे घेऊन पाहायला हरकत नाही. त्याच्या जागी नव्हे.

मात्रा ३० मिलिग्रॅम, पण कशाची, इथेच बहुतेकांची फसगत होते. आकडा मूळ झिंकचा हवा, क्षाराचा नाही. झिंक ग्लुकोनेटमध्ये मूळ झिंक सुमारे १४ टक्के, सल्फेटमध्ये सुमारे २३ टक्के. लेबलवर 'झिंक ग्लुकोनेट ५० मिग्रॅ' असेल तर हाती येते ७ मिलिग्रॅम. 'मूळ झिंक ५० मिग्रॅ' असेल तर ते रोजच्या ४० च्या कमाल मर्यादेपलीकडे आहे. 'एलिमेंटल' हा शब्द शोधा. तो नसेल तर दुसरा डबा घ्या. झिंक ऑक्साइड स्वस्त असते आणि आकड्यात भरगच्च दिसते, पण पोटात शोषले जाते कमी. ग्लुकोनेट, अ‍ॅसिटेट, पिकोलिनेट चालतात. सल्फेटने पोट जास्त बिघडते.

रिकाम्या पोटी झिंक घेतले की अर्ध्या तासात मळमळ, कधी उलटी. बरेचजण पहिल्याच दिवशी सोडतात ते यामुळे. दुपारच्या भरपेट जेवणानंतर लगेच घ्या. चपाती, कडधान्ये यांतल्या फायटेटमुळे शोषण थोडे कमी होते, म्हणून भात-हुमणाचे (माशांच्या आमटीचे) जेवण बरे, पण मळमळ टाळण्यासाठी एवढी घट पत्करावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी नकोत. डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन चालू असेल तर दोन्हींत किमान दोन-तीन तासांचे अंतर हवे, नाहीतर झिंक त्या औषधाला आतड्यातच बांधून ठेवते आणि प्रतिजैविक फुकट जाते.

बारा आठवड्यांनी थांबा. झिंक महिनोन्महिने जास्त मात्रेत चालू राहिले तर तांबे शोषले जात नाही. त्यातून लोहाला दाद न देणारा पंडुरोग, पांढऱ्या पेशी कमी होणे आणि पुढे पायांना बधिरता येऊ शकते. म्हणून काही कंपन्या झिंकसोबत एक-दोन मिलिग्रॅम तांबे घालतात, ते चांगलेच. दररोज ४० मिलिग्रॅमच्या वर कधीच नको, आणि मोजताना मल्टिव्हिटॅमिनमधले झिंक त्यात धरा.

निकोटिनामाइड म्हणजे बी३ चे एक रूप. चाचण्यांत वापरलेली मात्रा दिवसाला ७५० मिलिग्रॅमच्या आसपास, बहुधा झिंक, तांबे आणि फोलिक आम्लासोबत एकाच गोळीत. जेवणानंतर घ्या. त्याचे भावंड नायसिन, म्हणजे निकोटिनिक आम्ल, चुकून आणू नका. त्याने अर्ध्या तासात चेहरा-मान लालबुंद होऊन चटचटते. यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. खरे म्हणजे बी३ चा जास्त सोपा मार्ग लावण्याचा आहे: ४ टक्के निकोटिनामाइड जेल दिवसातून दोनदा. तेल काहीसे कमी होते, लालसरपणा आणि मागे राहिलेले तपकिरी डागही. दहा टक्क्यांच्या सीरमने जास्त फायदा होतोच असे नाही, चुरचुर मात्र होते.

डी जीवनसत्त्व मुरमांसाठी म्हणून घेऊ नका. रक्ततपासणीत मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर हाडांसाठी भरून काढा; नेहमीची पद्धत आठवड्याला ६०,००० युनिट, आठ आठवडे, नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. आठ आठवड्यांचे पाकीट वर्षभर चालवणारे लोक कॅल्शियम वाढून मळमळ आणि मुतखडे घेऊन येतात. बी५ च्या ग्रॅमवारी मात्रांचे इंटरनेटवर फार कौतुक आहे. पुरावा एक-दोन छोट्या चाचण्यांचा, पोट बिघडते हे नक्की. सी च्या चघळायच्या गोळ्यांनी मुरमांवर काही होत नाही. ओमेगा-३ ला थोडा पुरावा आहे, पण आठवड्यातून दोन-तीनदा बांगडे-तारले खाणाऱ्या गोंयकाराला कॅप्सूल कशाला? तळण्यापेक्षा हुमणातले बरे. झिंकसाठी कालवे उत्तम. खाण्यात बदल करायचाच असेल तर तो मैदा-साखरेत करा: सकाळचे दोन-तीन पाव, दोन वेळचा गोड चहा, कोल्ड ड्रिंक यांनी इन्सुलिन उसळते, आणि कमी उसळी आणणाऱ्या आहाराने मुरूम घटल्याचे चाचण्यांत दिसले आहे. उकड्या तांदळाची पेज पावापेक्षा कधीही चांगली.

एक शक्यता तुमच्या कपाळासाठी तपासायलाच हवी. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत, हेल्मेटखाली घामेजलेल्या कपाळावर जे येते ते दरवेळी मुरूम नसते. केसांच्या रेषेलगत, छाती-पाठीवर, एकसारखे बारीक, आणि मुख्य म्हणजे खाजणारे पुरळ असेल तर ते मॅलासेझिया या यीस्टने झालेले असू शकते. ते झिंकने जात नाही, आणि डॉक्सिसायक्लिनने उलट वाढते. त्यावर २ टक्के किटोकोनॅझोल शाम्पूचा फेस त्या जागेवर पाच मिनिटे ठेवून धुवायचा, एक दिवसाआड, तीन-चार आठवडे; डोळ्यांपासून जपून. हटले नाही तर पोटातून औषध, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीने. हेल्मेटच्या आतली गादी काढता येते, ती आठवड्याला धुवा, आत सुती रुमाल बांधा आणि तो रोज बदला. केसांना खोबरेल लावून झोपत असाल तर कपाळावरच्या मुरमांना तेही कारण असते. न्हाण्याआधी तासभर लावा, रात्रभर नको.

गोळ्या कोणत्याही असोत, खरे काम लावायच्या औषधाचे. सकाळी सौम्य फेसवॉश, २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचा पातळ थर, वर जेल सनस्क्रीन. हे औषध टॉवेल, उशीची खोळ, ओढणी सगळ्यांचा रंग उडवते, तेव्हा पांढरे कापड वापरा. रात्री चेहरा धुऊन पंधरा-वीस मिनिटे पूर्ण सुकू द्या, मग वाटाण्याएवढे ०.१ टक्का अ‍ॅडापॅलीन जेल सगळ्या चेहऱ्याला, नुसत्या फोडांवर नव्हे. पहिले दोन आठवडे एक रात्र आड. पहिल्या महिन्यात चेहरा कोरडा, सोललेला, कधी आधीपेक्षा वाईट दिसतो. बहुतेकजण इथेच सोडतात आणि मग 'मला सूट झाले नाही' म्हणतात. गर्भारपणात अ‍ॅडापॅलीन नको. 'गोरे करणारी' तीन औषधांची मिश्र क्रीम चुकूनही लावू नका, त्यातल्या स्टेरॉइडने चार दिवस छान दिसते आणि नंतर चेहरा फोडांनी भरतो.

क्रम असा ठेवा: आधी चार आठवडे फक्त थांबवणे आणि लावायचे औषध. तेवढ्यात बी१२ चा दोष असेल तर तो कळतो. मग हवे तर झिंक. सगळे एकाच दिवशी सुरू केले तर कशाने बरे झाले आणि कशाने बिघडले ते कधीच कळणार नाही. दर दोन आठवड्यांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढा, कारण रोज आरशात पाहून फरक समजत नाही.

पाळी पस्तीस दिवसांपेक्षा जास्त लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर हे पीसीओएसचे, म्हणजे बीजांडकोशांच्या संप्रेरक-विकाराचे, असू शकते. त्याला जीवनसत्त्व पुरे पडत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. खोल, दुखणाऱ्या गाठी किंवा खड्डे पडायला लागले असतील तर बारा आठवडे थांबूच नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) त्वचारोगाची ओपीडी आहे, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळेही आहेत. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, गमीचा डबा, क्रीमच्या ट्यूब एका पिशवीत घालून न्या. 'पिवळी गोळी' म्हटल्याने डॉक्टरांना काही कळत नाही, पाकिटामागची मात्रा वाचली की अर्धे निदान तिथेच होते.